गर्भातील अमानत आणि निर्णयाचा अधिकार

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २७ वर्षांच्या एका विवाहित स्त्रीची याचिका आली. तिला दोन मुले होती आणि धाकटे अजून अंगावर पीत होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला तीव्र मानसिक आजाराने ग्रासले होते व त्यावर औषधोपचार सुरू होते. स्तनपानाच्या काळात मासिक पाळी बंद असल्यामुळे आपण पुन्हा गरोदर आहोत हे तिच्या ध्यानी आले तेव्हा फार उशीर झाला होता. याचिका सुनावणीस आली तेव्हा सव्वीसावा आठवडा चालू होता.

पुढे जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. ९ ऑक्टोबरला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने गर्भपातास परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील एका डॉक्टरांनी कळविले की गर्भ जिवंत जन्मण्याची शक्यता आहे. अशा स्थितीत त्याच्या हृदयाचे ठोके आधी थांबवावयाचे काय, याविषयी न्यायालयाने स्पष्ट आदेश द्यावा. प्रकरण पुन्हा त्याच दोन न्यायाधीशांपुढे आले आणि त्यांच्यात मतभेद झाला. न्या. हिमा कोहली यांच्या न्यायबुद्धीला असा आदेश देणे पटेना. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे म्हणणे असे की, त्या स्त्रीने घेतलेल्या निर्णयाचा मान राखला पाहिजे. अखेर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यीय खंडपीठाने १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली. चोवीस आठवड्यांची मर्यादा ओलांडली गेली आहे, गर्भात गंभीर व्यंग नाही आणि आईच्या जिवास तात्काळ धोका नाही, ही त्यामागील कारणे.

या प्रकरणात निकाल योग्य लागला की अयोग्य, हा आपला मुख्य प्रश्न नव्हे. सात दिवसांत डॉक्टर बोलले, सरकारचे वकील बोलले, पाच न्यायाधीश बोलले, वृत्तपत्रे बोलली. ज्या बाबतीत इतक्या लोकांना इतके काही म्हणावयाचे असते, तेथे निर्णय मुळात कोणाचा? संसदेचा, डॉक्टरचा, पतीचा, उलेमांचा, की जिच्या उदरात तो गर्भ आहे तिचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण मुसलमान बहुधा 'इस्लाममध्ये गर्भपात हराम आहे' एवढे एक वाक्य उच्चारून थांबतो. वाक्य चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. आणि या विषयात अपुरेपणाची किंमत कोणातरी स्त्रीला मोजावी लागते.

प्रथम आपल्या देशातील कायदा कसा घडला ते पाहू. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. आईचा जीव वाचविणे हाच काय तो अपवाद. पण गुन्हा ठरविल्याने गर्भपात थांबले नाहीत, ते अंधारात गेले आणि असंख्य स्त्रिया सुईणींच्या काड्या व जडीबुटींनी दगावत राहिल्या. १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. लोकसंख्या आवरण्याची त्या काळातील घाई या कायद्याच्या मागे नव्हतीच असे म्हणता येणार नाही.

या कायद्याची रचना नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. त्याने स्त्रीला कोणताही अधिकार दिलेला नाही. त्याने डॉक्टरला संरक्षण दिले आहे. नोंदणीकृत डॉक्टरने सद्भावनेने असे मत बनविले की गर्भ राहिल्यास स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचेल, किंवा जन्मणाऱ्या मुलात गंभीर व्यंग असेल, तर त्या डॉक्टरवर खटला चालणार नाही, असा तो कायदा आहे. मूळचा गुन्हा आजही कायम आहे. पूर्वी तो भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरविले, बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा वा घटस्फोटित झालेल्या अशा काही स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा दिली, आणि त्यापुढे केवळ गंभीर व्यंगाच्या प्रकरणी वैद्यकीय मंडळाकडे निर्णय सोपविला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही ती चोवीस आठवड्यांची मुभा लागू केली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती तेवढी कायद्याला हवी असते. पतीची सही कायदा मागत नाही. दवाखाने मात्र पुष्कळदा मागतात, कारण उद्या भांडण आले तर डॉक्टरला आपली बाजू सांभाळावयाची असते. म्हणजे कायद्यात एक निर्णयकर्ता, प्रत्यक्षात दुसरा.

आता या वादातील दोन घोषणा पाहा. एक बाजू म्हणते, शरीर माझे, निर्णय माझा. दुसरी म्हणते, बीज रुजल्या क्षणापासून तो पूर्ण मनुष्य, म्हणून निर्णय कोणाचाच नाही. या दोन्ही घोषणांना धार आली ती पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, जेथे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हा स्त्रीचा घटनात्मक अधिकार मानला आणि २०२२ मध्ये तोच काढून घेऊन प्रश्न राज्यांच्या हाती दिला. आपल्याकडील शिक्षित मंडळी पहिली घोषणा उचलतात आणि आपल्यातील धर्मनिष्ठ मंडळी नकळत दुसरी उचलतात. इस्लामी शिकवण या दोन्हींत नीट बसत नाही.

इस्लामच्या दृष्टीने शरीर ही अल्लाहची अमानत आहे. 'माझे शरीर, माझा निर्णय' हे वाक्य श्रद्धावंताच्या तोंडी शोभत नाही, ते याच कारणाने. परंतु हाच युक्तिवाद थोडा पुढे नेऊन पाहावा. शरीर जर तिचे नाही, तर ते पतीचेही नाही, सासरचेही नाही, सरकारचेही नाही आणि फतवा देणाऱ्याचेही नाही. अमानत ज्याच्या हाती सोपविली जाते, हिशेबही त्यालाच द्यावा लागतो. नऊ महिने ही ठेव अल्लाहने कोणाच्या हाती सोपविली आहे, हे सांगावयास कोणा मुफ्तीची आवश्यकता नाही.

पवित्र कुरआनने सूरह अल-मूमिनून (२३:१२-१४) व सूरह अल-हज (२२:५) मध्ये गर्भाच्या अवस्था क्रमाने वर्णिल्या आहेत: बिंदू, चिकटून राहणारा गोळा, मांसपिंड, अस्थी, अस्थींवर मांस आणि त्यानंतर एक वेगळीच निर्मिती. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेल्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसवरून बहुसंख्य विद्वानांनी असा अर्थ घेतला की चाळीस-चाळीस दिवसांच्या तीन अवस्थांनंतर, म्हणजे १२० दिवसांनी, गर्भात रूह फुंकली जाते. मुस्लिममधील हजरत हुजैफा बिन असीद (रजि.) यांच्या हदीसमध्ये बेचाळीस रात्रींनंतर फरिश्ता येऊन गर्भाला रूप देतो, असा उल्लेख आहे. म्हणून काही विद्वानांनी चाळीस दिवसांनंतरच मर्यादा अधिक कठोर केली.

रूह फुंकली गेल्यानंतर गर्भपात निषिद्ध, यावर सर्व मजहब एकमत आहेत. त्याआधीच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत आणि ते मोठमोठ्या इमामांमधील मतभेद आहेत. मालिकी फकीहांनी साधारणतः सुरुवातीपासूनच मनाई केली. इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्याउ उलूमिद्दीन' मध्ये असे मांडले की बीज गर्भाशयात स्थिरावल्यावर त्याला हात लावणे हा अपराधच आहे, आणि अवस्था जसजशी पुढे जाते तसतसा तो अपराध अधिक गंभीर होतो. हंबली मजहबमध्ये पहिल्या चाळीस दिवसांत मुभा देणारे आहेत. शाफईंमध्ये दोन्ही मते सापडतात. स्वतः गजाली शाफईच होते. हनफींच्या ग्रंथांत १२० दिवसांपूर्वी मुभा असल्याचे मत नोंदलेले आहे, पण त्याला इब्ने आबिदीन शामी (रह.) यांनी पूर्वसूरींच्या आधारे एक अट जोडली: 'उज्र', म्हणजे खरेखुरे कारण असले पाहिजे. विनाकारण तसे करणाऱ्याला त्यांनी दोषमुक्त मानलेले नाही.

त्या उज्रचे उदाहरण कोणते दिले आहे, ते वाचून मन थबकते. स्त्रीच्या अंगावर पिणारे मूल आहे. नवा गर्भ राहिल्याने तिचे दूध आटले. दाई ठेवण्याची बापाची ऐपत नाही आणि असलेले मूल दगावेल अशी भीती आहे. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या फकीहांच्या डोळ्यांसमोर 'गर्भ' ही केवळ कल्पना नव्हती. त्यांच्या समोर एक घर होते, त्यात दोन जीव एकमेकांच्या वाट्याला आले होते आणि मध्ये एक आई उभी होती. दिल्लीतील त्या याचिकेतील स्त्री ओळखीची वाटावी इतके ते उदाहरण जवळचे आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की तिच्या बाबतीत ते १२० दिवस केव्हाच उलटले होते.

कोकणातील आपली बहुसंख्य मराठीभाषक मुस्लिम घराणी शाफई आहेत, घाटावरची व मराठवाड्यातील बहुधा हनफी. एकाच गावातून मुंबईला आलेल्या दोन शेजारणींना दोन मौलाना दोन निराळी उत्तरे देतील आणि दोघेही आपापल्या ग्रंथाशी प्रामाणिक असतील. अशा मतभेदाच्या क्षेत्रात एका बाजूचे मत घेऊन सरकारने ते सर्वांवर तुरुंगाच्या धाकाने लादावे, अशी मागणी आपण करणे कितपत योग्य? मुस्लिम देशांनीही एकसारखे कायदे केलेले नाहीत. ट्युनिशियाने १९७३ मध्ये पहिल्या तीन महिन्यांत स्त्रीच्या इच्छेनुसार मुभा दिली. तुर्कस्तानने १९८३ मध्ये दहा आठवड्यांपर्यंत मुभा दिली, पण विवाहितेसाठी पतीची संमती लागते असे ठरविले. इराणने २००५ मध्ये तीन तज्ज्ञ डॉक्टरांच्या निदानावर, चार महिन्यांच्या आत, गंभीर आजार वा व्यंगासाठी मुभा दिली.

येथे आपल्या फिकहमधील एक जुना भेद कामाला येतो. फकीह 'दियानत' आणि 'कजा' यांत फरक करतात. दियानत म्हणजे बंदा आणि अल्लाह यांच्यातील बाब, जिचा हिशेब आखिरतमध्ये होईल. कजा म्हणजे काजीसमोर येणारी बाब, जिच्यात साक्षी-पुरावा लागतो व दंड होतो. एखादे कृत्य गुनाह असू शकते आणि तरीही काजीच्या अधिकारात येत नाही. उलट काजीने सोडून दिले म्हणजे अल्लाहकडे सुटका झाली, असेही नाही. मुफ्ती हुकूम सांगतो. तो सक्ती करीत नाही. गर्भपाताच्या वादात आपली गफलत होते ती या दोन गोष्टींचा गुंता केल्यामुळे. कोणी म्हणतो, कायद्याने चोवीस आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, मग हरकत काय? तर कोणी म्हणतो, हे हराम आहे, म्हणून कायद्याने बंदच करून टाकावे. दोघेही एकच चूक करीत आहेत.

गर्भाच्या हक्काबद्दल इस्लामी न्यायपरंपरेत जे प्रसंग नोंदले गेले आहेत, ते कोणाविरुद्ध उभे राहतात हेही पाहण्यासारखे आहे. हुजैल टोळीतील दोन स्त्रियांचे भांडण झाले, एकीने दुसरीला दगड मारला आणि पोटातील गर्भ मृत झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या गर्भासाठी 'गुर्रह' ही भरपाई ठरविली, फकीहांनी तिचे मूल्य पूर्ण दियतच्या विसाव्या भागाइतके मानले. मारणारीच्या बाजूच्या एकाने तक्रार केली की जे खाल्ले नाही, प्यायले नाही, रडलेही नाही त्याची कसली भरपाई? आदरणीय प्रेषितांनी (स.) ती तक्रार फेटाळली. गर्भाला मोल आहे, हे त्या दिवशी ठरले. पण ते मोल मागितले गेले मारणाऱ्या हाताकडून.

दुसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील असून फिकहच्या ग्रंथांत तो वारंवार येतो. पती परगावी असलेल्या एका स्त्रीविषयी काही कानावर आले म्हणून त्यांनी तिला बोलावणे पाठविले. खलीफाचे बोलावणे ऐकूनच ती घाबरली. वाटेत तिला कळा सुरू झाल्या, ती एका घरात शिरली, मूल जन्मले आणि एक-दोनदा रडून मरण पावले. हजरत उमर (रजि.) यांनी सहाबांचा सल्ला घेतला. काहींनी सांगितले, आपण शासक आहात, शिस्त लावणे आपले कर्तव्य आहे, आपल्यावर काही येत नाही. हजरत अली (रजि.) गप्प होते. विचारल्यावर ते म्हणाले की, यांनी आपल्या बुद्धीने सांगितले असेल तर ते चुकले आहेत, आणि आपल्याला बरे वाटावे म्हणून सांगितले असेल तर त्यांनी आपले हित पाहिले नाही. आपण तिला भयभीत केले, दियत आपल्यावर आहे. आणि खलीफाने ते मान्य केले.

आजच्या वादात हा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण समजतो की गर्भाचा रक्षक म्हणजे राज्यसत्ता, आणि ज्याच्यापासून रक्षण करावयाचे ती म्हणजे आई. येथे आरोपीच्या जागी राज्यसत्ताच उभी आहे. तिची दहशत, तिचे शिपाई, तिची चौकशी यांनीही गर्भाचा जीव जातो, आणि त्याचे उत्तर तिला द्यावे लागते. हजरत मुआज (रजि.) यांच्या नावे नोंदलेला प्रसंगही असाच आहे. एका गरोदर स्त्रीला शिक्षा होत असताना त्यांनी हजरत उमर (रजि.) यांना सांगितले की, तिच्यावर आपला अधिकार असेल, तिच्या पोटात जे आहे त्यावर आपला अधिकार नाही. सत्तेची सीमा येथे आखून दिली आहे.

कायद्याच्या दहशतीने आई व गर्भ दोघेही कसे जातात, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या बेळगावशी जोडलेले आहे. तेथील एक तरुण दंतवैद्य २०१२ साली आयर्लंडमधील गॉलवे शहरात सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागल्याने रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होते, पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून डॉक्टर कायद्याकडे पाहत थांबले. रक्तात जंतुसंसर्ग होऊन ती मरण पावली. त्या घटनेने तो देश हादरला. २०१८ साली जनमत घेऊन त्यांनी आपल्या राज्यघटनेतील ती तरतूद काढून टाकली. आपल्या जुन्या ग्रंथांतही असे मत सापडते की गर्भ जिवंत असेल तर आईसाठी त्याला कापता येणार नाही, कारण आईचा मृत्यू हा केवळ अंदाज आहे. ज्या काळात वैद्यकशास्त्र खरोखर अंदाजच करू शकत होते, त्या काळातील ते मत आहे. आज धोका निश्चितपणे सांगता येतो आणि म्हणूनच आधुनिक फिकह परिषदांनी १२० दिवसांनंतरही आईच्या जीवरक्षणासाठी मुभा दिली आहे. तेथे विलंब करणे म्हणजे धर्मनिष्ठा नव्हे.

पण कायद्याला दोष देऊन आपली सुटका होत नाही. आपल्या घरांत निर्णय खरोखर कोण घेते? पुष्कळ ठिकाणी पती घेतो, सासू घेते. सुनेला तो दवाखान्याच्या वाटेवर कळतो. मुलगी आहे असे कोठून तरी समजले की कुजबुज सुरू होते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहून कमी होत्या. सूरह अत-तकवीर (८१:८-९) मध्ये जिवंत पुरलेल्या मुलीला अंतिम न्यायाच्या दिवशी विचारले जाईल की तिला कोणत्या अपराधासाठी मारले. उत्तर आपल्यापैकी कोणापाशी आहे?

गरिबीचेही तसेच. कुरआनने हा विषय दोन ठिकाणी घेतला आहे. सूरह अल-अनआम (६:१५१) मध्ये आज भोगत असलेल्या गरिबीमुळे, आणि सूरह बनी इस्राईल (१७:३१) मध्ये उद्या येईल त्या गरिबीच्या भयाने संततीला मारू नका, असा आदेश आहे. पहिल्या ठिकाणी आई-बापांच्या अन्नाचे आश्वासन आधी आहे, मग मुलांच्या. दुसऱ्या ठिकाणी मुलांच्या अन्नाचे आधी. भाष्यकारांनी हा क्रम मुद्दाम टिपला आहे. जो आज उपाशी आहे त्याची चिंता स्वतःच्या पोटाची असते, जो उद्याला भितो त्याची मुलाची. या आयतींचे श्रोते ते आहेत ज्यांच्या हाती मारण्याचे सामर्थ्य होते, आणि अरबस्थानात ते बाप होते.

पतीला काहीच म्हणणे नाही काय? आहे. हनफींच्या 'अद-दुर्रुल मुख्तार' मध्ये, चार महिन्यांपूर्वी पतीच्या अनुमतीशिवायही स्त्रीने गर्भ पाडणे वैध असल्याचे मत उद्धृत आहे. इतरांनी त्याच्या अनुमतीला महत्त्व दिले आहे. सूरह अल-बकरा (२:२३३) मध्ये दूध सोडविण्याचा निर्णय पती-पत्नींनी परस्परसंमतीने व सल्लामसलतीने घ्यावा असे मार्गदर्शन आहे. त्याच आयतीत मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये, तसाच बापालाही, अशी ताकीद आहे. दूध सोडविण्यासारख्या गोष्टीसाठी जर मशवरा हवा, तर गर्भासारख्या बाबतीत तो किती तरी अधिक हवा. मात्र मशवरा म्हणजे आज्ञा नव्हे. ज्या घरात पत्नीला 'नको' म्हणता येते त्याच घरात मशवरा होतो. जेथे ते म्हणता येत नाही तेथे पतीची सही ही केवळ हुकमाची मोहोर असते. कायद्याने ती सही मागितली नाही, हे मला योग्य वाटते. मागितली तर ज्या स्त्रीला त्या घरात सर्वांत अधिक धोका आहे, तिचीच वाट आधी बंद होईल.

मक्केतील राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने १९९० साली व्यंग असलेल्या गर्भाविषयी जो ठराव केला, त्याची रचना या दृष्टीने मननीय आहे. विश्वासार्ह तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने तपासण्यांच्या आधारे व्यंग गंभीर आणि उपचारापलीकडचे असल्याचे ठरविले, तर १२० दिवसांच्या आत, आई-वडिलांच्या विनंतीवरून मुभा आहे. त्यानंतर केवळ आईच्या जिवाच्या निश्चित धोक्यासाठी. डॉक्टरने वस्तुस्थिती सांगावयाची, उलेमांनी सीमा सांगावयाची, आणि विनंती ज्यांना ते ओझे वाहावयाचे आहे त्यांनी करावयाची. डॉक्टर किंवा उलेमा स्वतःहून काही करावयास सांगत नाहीत. मुभेचा अर्थ सक्ती असाही नाही. त्याच निदानानंतर मूल ठेवणारे आई-बाप कोणाच्याही मजहबमध्ये चुकत नाहीत.

येथे हिशेबाची एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्या अज्ञानाने अनेक घरे अडचणीत येतात. शरीअतचे १२० दिवस गर्भधारणेपासून मोजले जातात. डॉक्टर मात्र आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गर्भधारणेच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून. म्हणून १२० दिवस डॉक्टरांच्या भाषेत साधारण एकोणीस आठवडे होतात, सतरा नव्हे. आणि चाळीस-बेचाळीस दिवस म्हणजे जवळपास आठ आठवडे. आता गर्भातील व्यंग पाहण्याची मोठी सोनोग्राफी बहुधा अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान केली जाते. ती विसाव्या आठवड्यात केली तर कायद्याचा दरवाजा उघडा असतो, पण शरीअतची मुदत संपलेली असते. कुटुंब रडत मौलानांकडे जाते आणि मौलानांपाशी सांगण्यासारखे काही उरत नाही. अकरा ते चौदा आठवड्यांतील तपासणी टाळू नये, आणि मोठी सोनोग्राफी अठरावा आठवडा पूर्ण होताच करावी. कवटी न बनणे यासारखी काही जीवघेणी व्यंगे पहिल्या तपासणीतच दिसू शकतात. जुम्याच्या खुतब्यात हे सांगावयास हरकत नसावी.

तर कायद्याने काय करावे? माझ्या अल्पमतीनुसार, जेथे सर्व मजहब एकमत आहेत आणि जेथे गर्भ बाहेर जगू शकतो अशा टप्प्याजवळ आपण येतो, तेथे कायद्याने कठोर असावे, आईच्या जिवाचा अपवाद निःसंदिग्ध ठेवून. त्याआधीच्या काळात, जेथे गजाली आणि इब्ने आबिदीन एकमताचे नाहीत, तेथे कायद्याने डॉक्टरची पात्रता, दवाखान्याची स्वच्छता, स्त्रीची खरीखुरी संमती आणि तिच्यावर बळजबरी करणाऱ्याला शिक्षा, एवढे पाहावे. उरलेले दियानतकडे सोपवावे. हे सोपविणे म्हणजे सैल सोडणे नव्हे. पोलिसाच्या भयाने जे होत नाही ते ईशभयाने होते, असा आपला विश्वास आहे ना? मग स्त्रीच्या ईशभयावरच तेवढा अविश्वास का? तिला ज्ञान द्या, हदीस काय आहे ते सांगा, मतभेद लपवू नका. अर्धे सांगून घाबरविलेल्या स्त्रीचा निर्णय तिचा राहत नाही.

आणि ज्यांनी 'ठेव' म्हणून सल्ला दिला त्यांचे काय? गामिद टोळीतील ती स्त्री स्वतःहून आपला अपराध सांगावयास आली होती. ती गरोदर होती. आदरणीय प्रेषितांनी (स.) तिला बाळंतपण होईपर्यंत परत पाठविले, मुस्लिममधील कथनांत मूल दूध सोडेपर्यंतच्या सवडीचाही उल्लेख आहे, आणि त्या मुलाची जबाबदारी एका मुसलमानाने आपल्यावर घेतली, हेही तेथे नोंदले आहे. मूल कोणाचे, कोणत्या परिस्थितीत राहिले, असा प्रश्न त्याने केला नाही. २०२३ च्या त्या निकालातही न्यायालयाने बाळंतपणाचा खर्च सरकारवर टाकला आणि पुढे मूल दत्तक द्यावयाचे की नाही हे आई-बापांवर सोपविले. आपल्या मोहल्ल्यातील बैतुलमालच्या वहीत कफन-दफनाचे पान असते, गरीब मुलींच्या निकाहचे असते, शाळेच्या फीचेही असते. चौथ्या बाळंतपणाला घाबरलेल्या, किंवा पतीने टाकलेल्या आणि 'गुनाह करू नकोस' एवढेच ऐकून घरी परतलेल्या स्त्रीच्या औषधांचे, दुधाचे, वर्षभराच्या किराण्याचे पान त्या वहीत कितीशा जमातींनी घातले आहे?